दोन चाकांची ओढ की चार चाकांची? : लहान ट्रॅक्टरविषयी काही विचार

बोदवडच्या आसपासच्या गावी ज्यांची शेती आहे, अशा आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. बैलजोडी बारा महिने पोसणे जड जाते आणि मोठा ट्रॅक्टर घ्यावा इतकी जमीन नसते. म्हणून लहान ट्रॅक्टर घेण्याचे ठरते. मग तो मागील दोन चाकांनी ओढणारा घ्यावा की चारही चाकांनी ओढणारा घ्यावा, ह्याविषयी बापलेकांत मतभेद होतो. दोहोंच्या किमतीत बराच फरक असतो, आणि ती रक्कम बहुधा कर्ज काढूनच उभी करावयाची असते. अशा वेळी शेजाऱ्याने घेतला म्हणून आपणही घ्यावा, हे शहाणपणाचे नव्हे. ह्या प्रश्नाच्या मुळाशी जे पदार्थविज्ञानाचे साधे नियम आहेत ते समजून घेतल्यास निर्णय पुष्कळ सोपा होतो. तेच नियम येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर करू. दोन्ही प्रकारच्या ट्रॅक्टरांना चाके चारच असतात. ‘टू-व्हील ड्राइव्ह’ म्हणजे इंजिनाची शक्ती केवळ मागील दोन चाकांस मिळते. पुढील चाके वळण्यापुरती व भार तोलण्यापुरती असतात. ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ म्हणजे ती शक्ती पुढील चाकांसही पोचते. महिंद्र कंपनीचा १५ अश्वशक्तीचा ‘युवराज २१५’ हा पहिल्या प्रकारचा व २४ अश्वशक्तीचा ‘जिवो २४५’ हा दुसऱ्या प्रकारचा ट्रॅक्टर होय. पुढील चाकांवर मागील टायरांसारख्या उंच नख्या दिसल्या, की तो ट्रॅक्टर बहुधा दुसऱ्या प्रकारचा समजावा.

आता नांगरास चार बैल जुंपले आहेत अशी कल्पना करा. त्यांतील दोघेच ओढीत असून दोघे नुसते चालत असतील, तर त्या दोघांचे वजन व खाणे ही फुकट जातात. दोन चाकांच्या ट्रॅक्टरात पुढील चाकांची स्थिती काहीशी अशीच असते. चाक जमिनीस धरून पुढे ढकलते ते दोन गोष्टींच्या बळावर : चाकावर पडलेला भार आणि मातीची पकड. इंजिन कितीही जोरदार असले, तरी ह्या दोहोंच्या गुणाकारापेक्षा अधिक ओढ मिळत नाही. चाक जागीच घसरते. म्हणजे अश्वशक्ती पाहण्यापूर्वी ओढणाऱ्या चाकांवर भार किती आहे हे पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल, एका लहान ट्रॅक्टराचे वजन ८०० किलो धरू. त्यातील ४८० किलो मागे व ३२० किलो पुढे आहे. मातीची पकड भाराच्या निम्मी आहे असे समजले, तर दोन चाकांनी २४० किलोची ओढ मिळेल आणि चार चाकांनी ४०० किलोची. हा हिशेब पाहून कोणीही म्हणेल, की मग चारच चाके घ्यावीत! परंतु हिशेब येथे संपत नाही.

नांगर ओढू लागताच ट्रॅक्टराचा भार पुढून मागे सरकतो. बैलगाडीत माल मागे अधिक भरला म्हणजे गाडी उलाळते, हे सर्वांस ठाऊक आहे. येथेही तोच प्रकार घडतो. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन ह्या यंत्रज्ञाने नांगर ट्रॅक्टरामागे सैल न बांधता तीन दांड्यांनी जोडण्याची युक्ती काढली व १९३६ पासून तसे ट्रॅक्टर विक्रीस आले. ह्या जोडणीने नांगराचा व त्यावरील मातीचा दाब मागील चाकांवर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जमीन घट्ट धरू लागला. आज आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस हीच जोडणी असते. वरील उदाहरणात अशा रीतीने मागील चाकांवर १५० किलो भार वाढला, तर दोन चाकांची ओढ २४० वरून ३१५ किलोवर जाते. शिवाय मागील चाकांस लोखंडी वजने लावून किंवा टायरांत पाणी भरून तीत आणखी भर घालता येते. तात्पर्य, कोरड्या व घट्ट जमिनीत दोहोंतील अंतर वाटते तितके मोठे राहत नाही.

चार चाकांच्या ओढीसही पथ्य आहे. पुढील चाके लहान असल्यामुळे त्यांचे दंतचक्र असे बसविलेले असते की ती मागील चाकांपेक्षा किंचित वेगाने, शेकडा १ ते ५ इतक्या फरकाने, पुढे ओढतात. मऊ मातीत हा फरक घसरणीत जिरतो. डांबरी सडकेवर मात्र तो जिरण्यास जागा नसते. टायर झिजतात व दंतचक्रांवर ताण येतो. म्हणून सडकेवर रिकामे जाताना पुढील ओढ बंद ठेवावी. तसेच एकाच जोडीचे टायर बदलताना कारखान्याने नेमलेलेच माप घ्यावे. नाहीतर पुढल्या व मागल्या चाकांचा मेळ बिघडतो.

मग चार चाकांची खरी गरज कोठे? जेथे माती ओली असूनही काम थांबविता येत नाही तेथे. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे भाताच्या खाचरांत चिखलणी करावयाची असते. तेथे चिखलातच काम असते. नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला, तर केवडा रोग पसरण्यापूर्वी फवारणी झाली पाहिजे. तेथे जमीन वाळण्याची वाट पाहता येत नाही. आपल्या रावेर-यावल भागातील केळीच्या बागांतही ओलावा सदैव असतो. अजिंठ्याच्या डोंगराकडील चढउताराच्या रानातही चारही चाकांची पकड उपयोगी पडते. कारण पुष्कळ लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांवरच असतात, आणि पुढील ओढ चालू असली म्हणजे उतरताना इंजिनाचा रोध चारही चाकांस मिळतो.

परंतु आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. ही माती पाण्याने फुगते, चिकट होते व टायरांच्या नख्यांमध्ये भरून बसते. नख्या भरल्या म्हणजे टायर गुळगुळीत रुळासारखा होतो, मग ओढणारी चाके दोन असोत की चार. आणि चार चाकांच्या जोरावर कोणी ओल्या रानात शिरलाच, तर त्याचा तोटा पुढे दिसतो. चाकाखालची माती दाबली जाऊन नांगराच्या तळाखाली कठीण थर बनतो. कपाशीचे सोटमूळ त्यास अडून वाकते व पावसाचे पाणी खाली मुरत नाही. आपल्या वाडवडिलांनी ‘वाफसा’ हा एक शब्द ठेवला आहे, त्यात हे सारे शास्त्र आहे. मूठभर माती दाबून गोळा करावा व तो कंबरेइतक्या उंचीवरून टाकावा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, आणि तसाच राहिला तर थांबावे. कोणतेही यंत्र वाफशाची जागा घेऊ शकत नाही. यंत्राने बळ दिले, तरी योग्य वेळ माणसानेच ओळखावयाची असते.

विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. मागील चाकावर खडूने खूण करा. वडीलधारी मंडळी ट्रॅक्टर चालवीत असता बाजूस सुरक्षित अंतरावर उभे राहून, अवजार वर उचललेले असताना चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजा. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा १० फेऱ्या मोजा. पहिले अंतर ३० मीटर व दुसरे २४ मीटर आले, तर घसरण शेकडा २० झाली. दोन चाकांच्या ट्रॅक्टरास शेकडा १० ते १५ घसरण योग्य समजतात, चार चाकांच्यास ८ ते १२. त्याहून अधिक आली, तर डिझेल व टायर व्यर्थ झिजत आहेत. वजन वाढवावे किंवा नांगराची खोली कमी करावी. वाफशावर व योग्य वजन लावूनही घसरण कमी होत नसेल, तरच चार चाकांचा विचार करावा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ट्रॅक्टरावर बैठक एकाचीच असते. चाकावरील पत्र्यावर मुलांस बसविणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे होय. रुतलेला ट्रॅक्टर काढताना साखळी उंचावर बांधू नये. मागील चाके अडली, तर पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. पुढे भार अधिक असला, तरी हा धोका अजिबात नाहीसा होत नाही.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा बोध प्रभू येशूने केल्याचे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. तो शेतकऱ्यासही लागू आहे. पालकांनी वहीवर लिहून पाहावे : वर्षातून किती दिवस ओल्या किंवा चढाच्या जमिनीत काम पडते? तेवढ्या दिवसांपुरता भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो काय? पुढील आसाच्या तेलाचा, दंतचक्रांचा व टायरांचा वाढता खर्च कर्जाच्या हप्त्याबरोबर पेलेल काय? कोरडवाहू कपाशी व ज्वारी करणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांस दोन चाकांचा ट्रॅक्टर, योग्य वजन आणि वाफशाची वाट पाहण्याचा धीर एवढे पुरे आहे, असे आमचे मत आहे. बागाईतदारांची गोष्ट वेगळी. आणि हा हिशेब मांडताना घरात शिकलेल्या मुलास वा मुलीस जवळ बसवावे. शाळेत शिकलेल्या गणिताचा व विज्ञानाचा त्याहून चांगला उपयोग तो कोणता?