ग्राहक-बहिष्कार व अभिव्यक्तिस्वातंत्र्य

एखाद्या उत्पादकाचे, व्यापाऱ्याचे वा कलावंताचे वर्तन अथवा मत अमान्य असल्याचे दर्शविण्यासाठी किंवा त्यास ते बदलावयास लावण्यासाठी ग्राहकांनी संघटितपणे त्याचा माल वा सेवा नाकारणे, यास ग्राहक-बहिष्कार म्हणतात. एकट्याने मुकाट्याने दुकान बदलणे म्हणजे बहिष्कार नव्हे. इतरांना केलेले आवाहन आणि मागणी मान्य झाल्यास पुन्हा खरेदी करण्याची उघड वा गर्भित तयारी हे त्याचे आवश्यक घटक होत. आवाहन हे भाषण असते, तर खरेदी रोखणे ही बाजारातील कृती. अर्थशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हर्शमन यांनी एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी (१९७०) या ग्रंथात बहिष्काराचे स्थान निर्गमन व निषेध यांच्या सीमारेषेवर दाखविले आहे. या दुहेरी स्वरूपामुळेच बहिष्कार हा अभिव्यक्तीचा एक प्रकार मानावयाचा की तिच्यावरील दडपण, हा वाद वारंवार उपस्थित होतो.

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द आयर्लंडमधील मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्या नावावरून १८८० मध्ये रूढ झाला. हुसकावून लावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याशी सर्व व्यवहार तोडावेत, असे आवाहन चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये केले होते. त्यानंतर बॉयकॉटला मजूर मिळेनात आणि दुकानदार माल देईनात. शेवटी त्याचे पीक काढण्यासाठी बाहेरून पन्नास माणसे सैन्याच्या बंदोबस्तात आणावी लागली. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने १७९१ मध्ये फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्सच्या पत्रकामुळे वेस्ट इंडीजच्या साखरेचा त्याग करण्याची चळवळ इंग्लंडभर पसरली. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली, असा टॉमस क्लार्कसन याचा अंदाज होता. त्यांत मताधिकार नसलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे लक्षणीय होय.

बहिष्काराचा रोख मालाच्या निर्मितीवर असतो, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही. तो एखाद्याच्या मतांकडे वळला आणि त्याच्या पोशिंद्यावर दाब आणू लागला, म्हणजे प्रश्न बिकट होतो. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९५० नंतरच्या अमेरिकन नभोवाणी व दूरचित्रवाणीत सापडते. तेथील कार्यक्रम त्या काळी बहुधा प्रायोजक कंपनीच्या पैशावर चालत आणि कलावंतांच्या निवडीत प्रायोजकाचा शब्द अखेरचा असे. जून १९५० मध्ये रेड चॅनल्स ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत १५१ कलावंत, लेखक व वृत्तनिवेदक यांची नावे आणि त्यांचे कथित साम्यवादी संबंध दिले होते. तिची प्रस्तावना लिहिणारा व्हिन्सेंट हार्टनेट हाच पुढे शुल्क आकारून कलावंतांची नावे तपासून देऊ लागला. दोषारोप आणि दोषमुक्ती असा दोन्ही बाजूंचा व्यापार एकाच हाती आला.

सिरॅक्यूज येथील किराणा भांडारांचा मालक लॉरेन्स जॉन्सन याची पद्धत याहून थेट होती. एका दंतमंजन कंपनीस त्याने कळविले की, आपल्या भांडारात तिचा व तिच्या प्रतिस्पर्ध्याचा माल शेजारी शेजारी मांडून, आपले पैसे साम्यवाद्यांच्या हस्तकांना पोसण्यासाठी जावेत काय, असा कौल गिऱ्हाइकांकडून घेतला जाईल. मूठभर पत्रे व दूरध्वनीही पुरेसे ठरत. प्रायोजकास मतांशी कर्तव्य नव्हते. ‘वादग्रस्त’ नाव टाळणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणा व्यवहार होता. प्रत्यक्ष बहिष्कार घडण्याची बहुधा गरजच पडली नाही. त्याची भीती काम करून गेली. रेड चॅनल्समध्ये नाव आलेले नट फिलिप लोब यांना द गोल्डबर्ग्ज या लोकप्रिय मालिकेतून काढण्यात आले. त्यांनी १९५५ मध्ये आत्महत्या केली.

नभोवाणी-निवेदक जॉन हेन्री फॉक यांनी कलावंतांच्या संघटनेत या तपासनिसांविरुद्ध उभे राहून निवडणूक जिंकली, तेव्हा त्यांच्यावरही असाच प्रसंग आला व १९५७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यांनी अवेअर ही संस्था, हार्टनेट व जॉन्सन यांच्यावर बदनामीचा दावा लावला. १९६२ मध्ये ज्यूरीने त्यांना ३५ लाख डॉलर भरपाई दिली. अपिलात ती साडेपाच लाखांवर आली. दावा यशस्वी झाला तो आरोप खोटे ठरले म्हणून. अमेरिकन संविधानाची पहिली दुरुस्ती शासनाचे हात बांधते, प्रायोजकाचे नव्हे. आरोप खरे असते, तर कायद्याजवळ फारसा उपाय नव्हता.

दुसरी बाजू मिसिसिपी राज्यातील पोर्ट गिब्सन येथे दिसते. तेथील कृष्णवर्णीयांनी १९६६ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांवर बहिष्कार टाकला. कृष्णवर्णीय पोलीस व विक्रेते नेमावेत, प्रौढ माणसास ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारू नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बहिष्कार मोडणाऱ्यांची नावे टिपून चर्चमधील सभांत वाचून दाखविली जात; काही ठिकाणी हिंसाही झाली. राज्य-न्यायालयाने व्यापाऱ्यांना साडेबारा लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो निर्णय एकमताने फिरविला. हिंसेमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येईल, परंतु शांततामय बहिष्कार हे संरक्षित वर्तन होय आणि भाषणामुळे कोणी ओशाळला वा दबला, एवढ्यावरून त्याचे संरक्षण जात नाही, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्झ यांनी म्हटले.

नावे जाहीर करण्याचे साधन दोन्हीकडे सारखेच होते, हे नाकारता येत नाही. भेद आहे तो अन्यत्र. पोर्ट गिब्सनच्या रहिवाशांनी स्वतःचीच खरेदी रोखली आणि व्यापाऱ्यांपुढे मान्य करता येतील अशा मागण्या ठेवल्या. जॉन्सनने न विचारलेल्या गिऱ्हाइकांच्या वतीने धमकी दिली. यादीतील कलावंतास दाद मागण्यास जागा नव्हती आणि सुटकेची अटही ठाऊक नव्हती.

मराठी भाषकांना या शब्दाच्या दोन्ही छटा परिचित आहेत. परदेशी कापडाची पुण्यातील १९०५ ची होळी व लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील बहिष्कार ही त्याची एक बाजू. वाळीत टाकणे व ग्रामण्य ही दुसरी, आणि ती कितीतरी जुनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये पत्र काढले, त्याचे नावच बहिष्कृत भारत होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचे दाणागोटा व काम तोडणारा बहिष्कार दंडनीय ठरवावा, अशी तरतूद त्यांनी गोलमेज परिषदेपुढे सुचविली. सामाजिक बहिष्कारास गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ पासून अंमलात आला. बाजारातील बहिष्कार त्याच्या कक्षेत येत नाही.

साधारणतः २०१५ नंतर ‘कॅन्सल कल्चर’ ही संज्ञा पुढे आली. एखाद्या उक्तीवरून व्यक्तीस जाहीर जीवनातून, विशेषतः तिच्या व्यवसायातून, हद्दपार करण्याची सामूहिक मागणी असा तिचा अर्थ रूढ आहे. सामाजिक दडपण हे राजदंडाहून अधिक खोलवर पोहोचू शकते, हे जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८५९ मध्येच दाखविले होते. समाजमाध्यमांनी त्यास वेग दिला. जुलै २०२० मध्ये दीडशेहून अधिक लेखक-विचारवंतांनी हार्पर्स मासिकातील पत्राद्वारे या प्रवृत्तीविषयी चिंता व्यक्त केली. पूर्वी ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांचाच हा आवाज आहे, असे टीकाकारांचे उत्तर होते व त्यात तथ्य आहे. मात्र घाबरलेला मालक ही यंत्रणेतील मुख्य कडी १९५० पासून बदललेली नाही. भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या कंपनीने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखविणारी जाहिरात बहिष्काराच्या आवाहनानंतर थोड्याच दिवसांत मागे घेतली. त्यामागे कर्मचारी व दुकानांतील सेवकवर्ग यांच्या हिताचाही विचार असल्याचे तिने निवेदनात नमूद केले होते.