वाचलं, पण कळलं का?

सकाळचे ७.४५. जर्सी सिटीतल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात सही करून मी गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवते. पिशवीत चित्रांची कार्डं, छोटे व्हाइट बोर्ड, प्लॅस्टिकच्या रंगीत चकत्या आणि निरीक्षणाची वही असते. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या पहिली-दुसरीतल्या मुलांना वाचायला मदत करणाऱ्या ट्यूटरना मी तयार करते. मुलांना शिकवतात ते ट्यूटर. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी असतात, निवृत्त झालेली माणसं असतात, नातवंडं मोठी झालेल्या आज्या असतात. बहुतेकांचं शिक्षणशास्त्राशी काही नातं नसतं, पण मुलांवर जीव असतो. या शहरात मुलं घरून स्पॅनिश, अरबी, गुजराती, हिंदी, टागालोग घेऊन येतात. एका शालेय जिल्ह्यात एकाच भाषेची, इंग्रजी अजून पुरेसं न येणारी २० मुलं झाली की द्विभाषिक वर्ग द्यावा, असा न्यू जर्सीचा कायदा सांगतो. वर्गात शिक्षक असतातच. पण एका मुलाशेजारी बसून त्याचं वाचन ऐकायला त्यांना वेळ कुठून मिळणार? तिथे ट्यूटर लागतो.

८.४५. कॉरिडॉरच्या टोकाला अर्धगोल टेबल, एक ट्यूटर, तीन मुलं. दोघं होंडुरासहून आलेल्या घरांतली, तिसरी मुलगी इजिप्तची. अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस, आणि ट्यूटर तीच. करोनानंतर अमेरिकेत शिकवणीचा हा प्रकार फार वाढला, आणि तो योग्यच आहे. कधीतरी येऊन तासभर गोष्ट वाचून जाणाऱ्या पाहुण्याचा मुलांना आनंद होतो, पण वाचन येत नाही.

सात वर्षांचा मुलगा बोट ठेवून वाचतो, ‘द बेट फेड द पप.’ पुस्तकात ‘व्हेट’ आहे. ट्यूटर थांबवते, ‘व्हेट म्हण.’ तो म्हणतो, ‘बेट.’ ‘ओठ बघ माझे, व्हेट.’ ‘बेट.’ तिसऱ्या वेळी त्याचा आवाज निम्म्यावर आलेला असतो. पुढचं पान तो न अडखळता वाचतो, ‘गुड जॉब!’ होतं आणि पुस्तक मिटतं.

९.२०. मुलं वर्गात गेल्यावर आम्ही दोघी त्याच बुटक्या खुर्च्यांवर बसतो. मी आधी विचारते, ‘तुला काय दिसलं?’ ती म्हणते, ‘एकच चूक झाली, बाकी छान वाचलं.’ तिच्या नोंदीच्या कागदावर ‘व्हेट’वर काट आहे. ती काट मी खोडायला लावते. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन अक्षरांचा उच्चार एकच. त्याने अक्षर बरोबर ओळखलं, आवाज आपल्या घरचा दिला. उच्चाराची ही लकब वाचनातली चूक म्हणून मोजायची नसते. खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो विचारलाच गेला नाही: व्हेट म्हणजे कोण, हे त्याला माहीत होतं का?

शिक्षिकेची परवानगी घेऊन आम्ही त्याला दोन मिनिटं परत बोलावतो. ट्यूटर चित्र पुढे करते. पांढरा कोट घातलेली बाई, टेबलावर कुत्रा. ‘हिला घरी काय म्हणता?’ आता ती गप्प राहते. हे गप्प राहणंच शिकवायला सगळ्यात अवघड. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ती वाट तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांब आणि नेमकी होतात, हे मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं. दुसरी भाषा डोक्यात जुळवणाऱ्या मुलाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. मुलगा चित्राकडे बघतो, आढ्याकडे बघतो, आणि एकदम, ‘बेतेरिनारिओ!’ मग आजीचा कुत्रा, त्याचा पाय, इंजेक्शन, सगळं अर्ध्या स्पॅनिशमध्ये, अर्ध्या इंग्रजीत. ‘मग पिल्लाला खायला कोणी दिलं?’ तो न सांगता त्या शब्दावर बोट ठेवतो.

११.००. नोंदी. कोण किती शब्द वाचतंय हे तक्त्यात भरायचं असतं. मी शेजारी आणखी एक रकाना आखून घेतला आहे, ‘किती कळले’. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलं की वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि ती भाषा ऐकून समजणं. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. इथल्या बऱ्याच मुलांचं पहिलं अंग फोनिक्सने, म्हणजे अक्षर आणि आवाज जुळवत वाचायला शिकवण्याने, लवकर तयार होतं. दुसरं मागे राहतं, आणि घडाघडा वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

१२.३०. डबा, कॉफी, आणि दुपारी दुसऱ्या शाळेत दोन गट बघणं.

३.१५. शाळा सुटताना पालक भेटतात. आज एक मराठी आई आहे, पुण्याहून येऊन वर्षही झालेलं नाही. ‘ताई, आम्ही घरी मराठी बंद करू का? टीचर म्हणाल्या, हिचं इंग्लिश मागे आहे.’ हाच प्रश्न मला अरबी बोलणाऱ्या आयाही विचारतात, दुभाष्यामार्फत. मी स्पष्ट सांगते, बंद करू नका. घरच्या भाषेतलं वाचन-लेखन इंग्रजी वाचनाला आधार देतं, असाच निष्कर्ष अमेरिकेतल्या राष्ट्रीय अभ्यासगटाने २००६ साली काढला होता. खेळताना बोलण्यापुरतं इंग्रजी मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. अभ्यासाच्या इंग्रजीला पाच ते सात वर्षं लागतात, हे जिम कमिन्स यांचं म्हणणंही सांगते. ‘रात्री गोष्ट मराठीतच सांगा. कोल्हा का फसला हे तिला मराठीत सांगता आलं, तर ते इंग्रजीत सांगायला ती शिकेल. गोष्टच नसेल तर सांगणार काय?’ आईचा चेहरा सैल होतो. एवढ्या लहान मुलाशी आईने आपल्याला नीट न येणाऱ्या भाषेत बोलावं, असा सल्ला कुणी दिला की मला खरंच राग येतो.

६.००. सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर नव्या ट्यूटरचं प्रशिक्षण. फोनिक्सचा भाग मी आधी उरकते: बी हे अक्षर दाखवताना ‘ब’ असा अकारान्त उच्चार करायचा नाही, नाहीतर मूल ‘बॅट’ जुळवताना ‘बअ-अॅ-टअ’ करत बसतं. एकेका ध्वनीला एकेक चकती पुढे सरकवायची. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची ही युक्ती आहे, आणि भाषा कच्ची असली तरी हाताला ती लगेच कळते.

मग मी फळ्यावर देवनागरीतली सहा अक्षरं लिहिते. क, म, ल, ब, द, घ. नावं नाही, फक्त आवाज. पंधरा मिनिटं चांगली घोटून घेते. मग एक ओळ लिहिते: कमल, बदक बघ. शेवटचा ‘अ’ गिळायचा, एवढं सांगते. निवृत्त पोस्टमन गृहस्थ अक्षरावर बोट ठेवत वाचतात, ‘कमल... बदक... बघ.’ सगळे टाळ्या वाजवतात. मी म्हणते, ‘उत्तम! शंभर टक्के बरोबर. आता सांगा, कुणी काय करायचं आहे?’

कुणीच बोलत नाही. एक जण चाचरत विचारते, ‘बदक म्हणजे दार का?’ मी घाई करत नाही, त्यांना तिथेच थोडं बसू देते. मग बदकाचं चित्र काढते, ‘बघ’ म्हणताना बोट डोळ्यांकडे नेते, कमल या नावाची मुलगी रेखाटते. तीच ओळ पुन्हा वाचायला सांगते. या वेळी गृहस्थ ‘बघ’ म्हणताना स्वतःच चित्राकडे हात करतात. आवाज बदललेला असतो, शब्दांत चढउतार आलेला असतो.

यानंतर मला फार समजवावं लागत नाही. सकाळचा ‘व्हेट’ फळ्यावर येतो. स्पॅनिश बोलणारा ‘बेट’ म्हणेल, अरबी बोलणारी ‘फेट’ म्हणेल, कारण तिच्या भाषेत हा ध्वनीच नाही. मराठी मूल ‘वेट’ म्हणेल आणि त्याला vet आणि wet (ओला) हे दोन्ही इंग्रजी शब्द सारखेच ऐकू येतील. चित्र समोर असेल तर तिघांनाही जनावरांचा डॉक्टर दिसेल.

७.३०. पोस्टमन गृहस्थ खुर्च्या रचता रचता विचारतात, ‘माझ्या गटातली दोघं आपसांत स्पॅनिश बोलली तर थांबवू ना? मला काहीच कळणार नाही.’ मी म्हणते, थांबवू नका. गोष्टीत पुढे काय होईल हे त्यांना आधी आपसांत बोलू द्या, मग त्यातलं एक वाक्य तुम्हाला इंग्रजीत सांगायला सांगा. ते वाक्य मोडकं असलं तर न टोकता तुम्ही नीट करून परत म्हणा. ते वहीत लिहून घेतात.

पुढच्या मंगळवारचं काम वाटून देते: आपल्या गटातल्या मुलांच्या घरच्या भाषेत नसलेला एक इंग्रजी ध्वनी शोधायचा, आणि चालू पुस्तकातला असा एक शब्द, जो मूल बरोबर वाचेल पण ओळखणार नाही. त्याचं चित्र किंवा वस्तू सोबत आणायची.