कोबा, मेंब्रेन की नुसता रंग?

सकाळी 7.30
वारज्याचा मजूर अड्डा. मे महिना, त्यामुळे माणसं कमी. बरीच गावाकडं गेलीत. मिस्त्रींना आज दोनच बिगारी हवेत. मागणी साडेआठशेची, मिस्त्री सातशेवर. "ब्रेकर धरायचाय, मिस्त्री, घमेली उचलायची नाहीत." आठशेवर मिटतं. नाश्ता मिस्त्रींकडं.

8.45
अप्पा बळवंत चौकाजवळची चार मजली इमारत. खाली पुस्तकांची दुकानं, मधे क्लास आणि अकाउंटंटची ऑफिसं, सगळ्यात वर वह्यांचं गोदाम. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे माल आत्ताच छतापर्यंत रचलाय. गठ्ठ्यांवर प्लास्टिक. छताला पिवळे डाग, एका जागी प्लास्टर पडून सळई दिसते. मिस्त्री गोदामात फार थांबत नाहीत. "डाग इथं असला म्हणजे भोक याच्याच डोक्यावर असतं असं नाही," म्हणून जिना चढतात.

9.15
गच्ची तीन हजार फुटांची. मिस्त्रींच्या हातात पावशेरी हातोडी आणि खडू, बस. वाकून दर हातावर एक ठोका. टणक वाजलं की पुढं. भद वाजलं की खडूचा गोल. तासाभरात अर्धी गच्ची गोलांनी भरते.

मग कडा. कठड्याच्या बुडाशी सिमेंटचा गोल कोपरा असतो, त्याला वाटा म्हणतात. तो तीन बाजूंनी सुटलाय. फटीत पटाशीचं पातं सहज जातं. पाऊसपाइपाच्या तोंडात कबुतराची पिसं आणि गुटख्याच्या पुड्या. एसीचे अकरा स्टँड थेट कोब्यात बोल्ट ठोकून बसवलेत, म्हणजे चव्वेचाळीस भोकं. मिस्त्री ती मोजतात आणि आधीच्या कंत्राटदाराबद्दल काही बोलत नाहीत. मला वाटतं, या धंद्यात हे मोठंच सौजन्य.

10.30
ब्रेकरचं भाडं दिवसाला नऊशे. दोन फूट बाय दोन फुटांचा खड्डा. वरची चायना मोझॅक फुटते, तिच्याखाली तीन इंचांचा विटांचा थर. स्लॅब लागायला हवा, पण लागते आणखी एक चायना मोझॅक! म्हणजे जुना कोबा न काढताच कुणीतरी त्यावर दुसरा घातलाय. मधल्या फटीतून पाणी पाझरत येऊन खड्ड्यात साचतं. मे महिन्यात. बिगारी हसतो, "विहीर लागली."

मिस्त्री खडूनं कठड्यावर हिशेब मांडतात. खालचा साडेचार इंची कोबा फुटाला वीस किलो, वरचा चौदा. तीन हजार फुटांना वरचाच बेचाळीस टन. खालच्याचे साठ टन वेगळे. हे सगळं पेलतोय सळई उघडी पडलेला स्लॅब.

12.15
उतार बघायचा. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक बिगाऱ्याकडं, दुसरं मिस्त्रींकडं. दहा फुटाला सव्वा इंच तरी ढाळ पाहिजे. मधल्या भागात तो निम्माही भरत नाही. शेवटी बादलीभर पाणी ओतून बघतात. पाणी पाइपाकडं निघतं, थोडं जातं आणि एसीच्या स्टँडपाशी मुक्काम करतं.

1.30
टाकीच्या सावलीत डबे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पाय ठेववत नाही इतकी फरशी तापलेली.

3.00
काम देणारे शेठ वर येतात, सोबत सोसायटीचे इंजिनिअर. शेठच्या मनात पांढरा रंग आहे. त्यांच्या मेव्हण्यानं मारला, स्वस्तात झालं. मिस्त्री खड्डा दाखवतात. "रंगानं वरून पाणी थांबेल, शेठ. आतलं कुठं जाईल?"

नवा कोबा घातला तर गच्चीवर बिनधास्त वावरता येतं, वर्षानुवर्षं टिकतो. पण वजन. इंजिनिअर मान हलवतात, तो विषय संपतो. मेंब्रेनचं, म्हणजे डांबरी चादरीचं, फुटाला अर्धा किलोसुद्धा वजन नाही. टॉर्चनं वितळवून चिकटवायची, जोडाला चार इंच एकावर एक, कठड्यावर फूटभर चढवायची. ओल्यावर चिकटवली तर मात्र उन्हानं आतल्या पाण्याची वाफ होते आणि फुगे येतात.

"गॅरंटी किती वर्षं?"

"दहा लिहून देतो. पण एसीवाल्यानं एक ड्रिल मारला की कागद संपला."

यावर शेठ पहिल्यांदा गप्प होतात. तासभर घासाघीस चालते, तीत रंगाचा मुद्दा दोनदा परत येतो. ठरतं ते असं: वरचा थर पूर्ण काढायचा. खालचा वाजवून बघायचा, भद असेल तिथं उकरायचा. वाटे नवे. पाइपाची तोंडं मोठी करायची. ढाळाला कमी पडेल तिथंच पातळ थर. मग चार मिलिमीटरची मेंब्रेन आणि तिच्यावर ऊन झेलायला ॲल्युमिनियम पेंट. एसी सुट्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, बोल्ट बंद. सळईचं काम वेगळ्या बिलात. मेंब्रेनचा दर फुटाला पंच्याण्णव, फोडकाम सोडून. शेठ नव्वद म्हणतात, ब्याण्णववर हात मिळतात.

4.30
खड्ड्यातलं पाणी फडक्यानं टिपून घेतलं. तळाशी हातभर प्लास्टिकचा तुकडा, चारही कडा टेपनं बंद. सकाळी आतून घाम आला तर कोब्यात ओल आहे. येणारच, मिस्त्री म्हणतात. वरचा थर काढल्यावर आठवडाभर ऊन खाऊ द्यायचं आणि रोज हा तुकडा लावून बघायचा. वळीव आला तर आठवडा पुन्हा पहिल्यापासून. खड्ड्यावर पत्रा, पत्र्यावर विटा.

5.45
बिगाऱ्यांचे आठशे-आठशे हातावर. ब्रेकर परत. उद्यापासून फोडकाम. तीस किलोची एक धरली तर चौदाशे गोण्या, चार मजले उतरवायच्या. लिफ्ट आहे, पण अकाउंटंटांनी लिफ्टमधून राडारोडा नेऊ देणार नाही असं दुपारीच कळवलंय. टेंपो उभा करायला दिवसा जागा नाही, रात्री दहानंतर भरायचा.

मिस्त्री गोणीमागं पंधरा देतो म्हणतात. बिगारी वीसवर. जिन्याच्या दारात दहा मिनिटं बोलणी, तेवढ्यात वह्यांचे दोन हमाल गठ्ठे घेऊन मधून जातात; त्यांना बाजू द्यावी लागते. अठरावर तुटतं. रिकाम्या गोण्या मिस्त्रींच्या.