दिवे गेले तरी आकार चालू
वीजबिलातील ‘नियत प्रभार’ आणि वादळानंतरची दुरुस्ती



गहू घरात आलेला असतो, सोयाबीनचे बियाणे अजून आणायचे असते, नेमक्या अशा दिवसांत माळव्यात आंधी उठते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाने भेगा पडलेल्या असतात आणि तिच्यात रोवलेले विजेचे खांब आधीच एका अंगाला कललेले असतात. सोसाट्याचा वारा सुटला की तारा एकमेकींवर आपटतात, खांब आडवे होतात, डी.पी. जळते. २८ मे २०२३ रोजी अशाच वाऱ्याने उज्जैनच्या महाकाल लोकमधील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती खाली आल्या. ती बातमी देशभर गेली. शेतातला खांब पडतो त्याची बातमी होत नाही, परंतु त्या महिन्याचे बिल वेळेवर येते.

आणि मग घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. आठ दिवस घरात दिवा नव्हता, तरी बिलात ‘नियत प्रभार’ पुरता कसा? आणि खांब उभा करायला प्रत्येक घरामागे पैसे गोळा करतात, ते द्यावेत की नाही? हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, असे माझे मत आहे. म्हणून आज दोहोंचा विचार एकत्र करू.

आपल्या बिलात मुख्यतः दोन प्रकारचे पैसे असतात. ‘ऊर्जा प्रभार’ म्हणजे जाळलेल्या युनिटांची किंमत. ‘नियत प्रभार’, ज्याला महाराष्ट्रात ‘स्थिर आकार’ म्हणतात, तो खांब, तारा, डी.पी., उपकेंद्र, लाइनमनचा पगार अशा गोष्टींसाठी असतो. वीज वापरा अथवा न वापरा, हा खर्च चालूच राहतो. बैलजोडी गोठ्यात बसून असली तरी कडबा लागतोच, तसे हे आहे. विद्युत अधिनियम, २००३ याच्या कलम ४५ मध्ये विजेच्या किमतीव्यतिरिक्त असा आकार घेण्याची मुभा दिली आहे. तेव्हा ही लूट आहे असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. पंप किती तास चालला हे न पाहता अश्वशक्तीवर पैसे भरणे आपल्या अंगवळणी पडले आहे. २०१९ मध्ये १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना हा दर वर्षाला दर अश्वशक्तीमागे १४०० रुपयांवरून ७०० रुपये झाला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. बाकीचा भार सरकार उचलते.

घरगुती बिलात मात्र मध्य प्रदेशात एक गंमत आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकाप्रमाणे महिन्याला १५० युनिटांपर्यंत नियत प्रभार दर जोडणीमागे ठरलेला असतो. १५० च्या वर गेले की तो ठरलेला राहत नाही. दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॅट भार धरला जातो आणि त्या भारावर आकारणी होते. हिशेबाच्या सोयीसाठी ०.१ किलोवॅटला २५ रुपये धरू. १६५ युनिट जाळले तर ११ भाग, म्हणजे २७५ रुपये. २४० युनिट जाळले तर १६ भाग, म्हणजे ४०० रुपये. नाव ‘नियत’, पण वाढतो वापराबरोबर! शिवाय २०१९ मध्ये १५० युनिटांपर्यंतच्या घरांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत देण्याची सवलत सुरू झाली. पुढे योजनेचे नाव बदलले, सवलत राहिली. ती सवलतही याच उंबरठ्यावर तुटते. म्हणजे १५१ वे युनिट फार महाग पडते.

आंधीनंतर याचा फटका असा बसतो की रस्ते बंद, माणसे दुरुस्तीत गुंतलेली, त्यामुळे मीटरचे वाचन लांबते आणि मग पन्नास-साठ दिवसांचे युनिट एकदम बिलात येतात. तेव्हा रकमेआधी मागचे वाचन आणि आताचे वाचन यांच्या तारखा पाहा. जास्त दिवसांचे बिल असेल तर १५० ची मर्यादाही दिवसांच्या प्रमाणात धरली आहे की नाही, हे कार्यालयात विचारा.

आता दुरुस्तीकडे वळू. उज्जैनला वीज पुरवते ती इंदूरची मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. आपण अजून सवयीने ‘मंडळ’ म्हणतो. कंपनीला वर्षभरात किती पैसे लागतील याचा अंदाज ती भोपाळच्या विद्युत नियामक आयोगापुढे मांडते. त्यात ‘दुरुस्ती व देखभाल’ हा खर्च वेगळा दाखवलेला असतो. आयोग जेवढा मान्य करील तेवढा आपल्या दरांत उतरतो, आणि खरा खर्च अंदाजापेक्षा वेगळा झाला तर पुढच्या वर्षांत ताळमेळ घातला जातो. याचा अर्थ असा की वाऱ्याने पडलेला कंपनीचा खांब उभा करण्याचे पैसे आपण सर्वजण महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे भरतच असतो. मग त्याच खांबासाठी रोख वर्गणी कशाची?

गावकऱ्यांनी आपण होऊन ट्रॅक्टर दिला, खड्डा खणायला हात लावला, तर ती शेजारधर्माची गोष्ट आहे आणि ती करावी. पैसे मागितले तर मात्र पावती मागावी. पावतीचे नाव काढताच मागणी पुष्कळदा विरून जाते. मीटरच्या पुढची, घरातली वायरिंग आपली. ती आपणच दुरुस्त करायची. मीटरच्या अलीकडचे काम कंपनीचे. ज्यांनी स्वखर्चाने ट्रान्स्फॉर्मर बसवून घेतला आहे त्यांनी आपल्या कागदातील अटी वाचाव्यात, तिथे जबाबदारी निराळी असू शकते. थकबाकीचाही विचार करायला हवा. जळालेली डी.पी. बदलण्याआधी तिच्यावरील ग्राहकांची थकबाकी पाहिली जाते, हे आपण जाणतो. नियमित भरणारी विधवा दोन थकबाकीदारांपायी अंधारात बसते, हा अन्याय आहे. तो दूर करण्याचे काम थोडे आपल्याही हातात आहे.

सरकार मदत करीत नाही काय? करते, पण तिथे एक मेख आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बहुतेक राज्यांसाठी ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे पैसे असतात, आणि त्यातून पडलेले खांब, तारा व ट्रान्स्फॉर्मर यांच्या तातडीच्या दुरुस्तीला ठरावीक मदत मिळू शकते. परंतु ज्या आपत्तींना केंद्राची मान्यता आहे त्यांच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, गारपीटही आहे; आपली आंधी त्या यादीत नव्हती. स्थानिक आपत्तींसाठी राज्याला निधीचा १० टक्क्यांपर्यंत भाग वापरता येतो, इतकेच. म्हणून आपल्याकडच्या वाऱ्याचा खर्च बव्हंशी दरांतून, म्हणजे आपल्याच खिशातून निघतो.

यादीत नाव असूनही काय होते, हे कोकणाने पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि खांब हजारोंनी पडले. काही गावांत महिना उलटला तरी दिवे आले नव्हते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले. महाराष्ट्रात स्थिर आकार वापरावर अवलंबून नाही. एका फेजच्या घराला तो २०२३-२४ मध्ये महिन्याला ११६ रुपये होता, २०२४-२५ मध्ये १२८ झाला. दारिद्र्यरेषेखालचा गट सोडला तर एका दिव्याच्या घरालाही तेवढाच आणि फ्रीज, गीझर असलेल्या घरालाही तेवढाच. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या आयोगाने उद्योग आणि व्यापारी ग्राहकांना स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. म्हणजे मनात आणले तर या आकाराला थांबवता येते. मग महिनाभर तारच जमिनीवर पडलेली असेल, तर घरगुती ग्राहकाला सूट का नसावी?

अमेरिकेतील फ्लोरिडात दुसरी तऱ्हा पाहायला मिळते. २००४ आणि २००५ च्या वादळांनंतर तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीने २००७ मध्ये कर्जरोखे काढून दुरुस्तीचे पैसे उभे केले आणि ते फेडण्यासाठी ग्राहकांच्या बिलात वादळाच्या नावाने वेगळा आकार अनेक वर्षे घेतला. भरायचे लोकांनीच, पण कशासाठी किती भरतो हे तरी त्यांना कळत होते. आपल्या बिलात ते दिसत नाही. मला खटकते ते हेच. माणूस रकमेला जितका चिडतो त्याहून अधिक आंधळ्या रकमेला चिडतो.

वीज खंडित राहिल्यास भरपाई देण्याचे नियम आहेत, पण वादळासारख्या दैवी संकटात कंपनीला त्यातून सूट असते. तरी १९१२ या क्रमांकावर तक्रार जरूर नोंदवा आणि तक्रार क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. वारा एक दिवस होता आणि अंधार पंधरा दिवस, हे दाखवायला तीच वही उपयोगी पडते.

एक सूचना आरोग्यासाठी. काम लवकर व्हावे म्हणून पडलेली तार काठीने बाजूला सारण्याचा उद्योग कोणीही करू नये. ओल्या जमिनीत वीज तारेच्या आसपास पसरते. गाय-म्हशीच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे माणसाच्या आधी जनावर दगावते. ताण-तारेला किंवा खांबाला जनावर बांधू नका, आणि तार पडलेल्या वावरात कार्यालयातून वीज बंद केल्याचे कळेपर्यंत पाऊल टाकू नका.

नवे दर ठरण्यापूर्वी आयोग वर्तमानपत्रात सूचना देऊन लोकांचे आक्षेप मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे कारखानदारांचे वकील बोलतात, शेतकरी क्वचितच. आक्षेप साध्या कागदावर हिंदीत लिहिता येतो. त्यात तीन गोष्टी विचारा: आमच्या भागात दुरुस्ती व देखभालीवर किती खर्च झाला, वादळाची दुरुस्ती बिलात वेगळी का दाखवत नाहीत, आणि ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ वीज नसेल तर तेवढ्या दिवसांचा नियत प्रभार का वगळू नये. ज्यांना अर्ज लिहिणे जमत नाही त्यांनी मागील तीन बिले आणि तक्रारींची वही घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे, आपण मिळून लिहू.