हार्टफर्डमधलं मार्क ट्वेनचं घर

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात, फार्मिंग्टन अव्हेन्यूवर, पंचवीस खोल्यांचं एक विटांचं घर आहे. विटांच्या काही ओळी शेंदरी आणि काळ्या रंगवलेल्या, छपराला टोकदार शिखरं, कडेनं लाकडी व्हरांडा. एडवर्ड टकरमन पॉटर हा वास्तुकार मुख्यतः चर्च बांधण्यासाठी ओळखला जायचा, आणि त्याचा तो हात इथेही लपत नाही. १८७४च्या सप्टेंबरात, सुतारांची ठोकाठोक चालू असतानाच, सॅम्युएल क्लेमेन्स कुटुंबासह इथे राहायला आले. जग त्यांना मार्क ट्वेन म्हणतं.

लेखकाचं घर बघायला गेलेला माणूस आधी त्याचं टेबल शोधतो. इथे त्यासाठी तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं. खालचे दोन मजले संसाराचे आहेत, आणि घराची खरी ओळख तिथेच होते. घर उभं राहिलं ते बरंचसं बायकोच्या, लिव्हीच्या, माहेरच्या पैशातून. एल्मायरा गावच्या लँग्डन या तिच्या घराण्याचा कोळशाचा मोठा व्यापार होता. घर कसं असावं याची कच्ची रेखाटनंही तिनेच केली होती. ट्वेनच्या चाहत्यांनी लिव्हीला कायम दुय्यम जागा दिली. या घरात फिरताना तो अन्याय फार जाणवतो.

१८८१ मध्ये खालची दालनं नव्याने सजवायला त्यांनी लुई कम्फर्ट टिफनीच्या ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स’ या मंडळीला बोलावलं. दिवाणखान्याच्या फिकट गुलाबी भिंतींवर रुपेरी नक्षी आहे. प्रवेशदालनाच्या लाकडी फळ्यांवरही रुपेरी ठसे उमटवले आहेत. दिव्याच्या उजेडात ते शिंपल्याच्या जडावकामासारखे चमकतात, आणि भारतीय माणसाची नजर तिथे अडखळतेच. या मंडळीतला एक भागीदार होता लॉकवुड डी फॉरेस्ट. त्याच वर्षी त्याने अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्या साथीने लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू केला. गुजरातेतल्या सुतारांचं काम त्याच्यामार्फत अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत पोचू लागलं, त्या काळातली ही सजावट.

ग्रंथदालनात ओकची भलीमोठी कोरीव चौकट आहे, शेकोटीच्या भोवती आणि वर चढत गेलेली. स्कॉटलंडच्या एटन कॅसलमधून ती आणली. तिच्या फळीवर शोभेच्या वस्तू मांडलेल्या असत. संध्याकाळी सूझी, क्लारा आणि जीन या तिन्ही मुली बापाला गोष्ट सांगायला लावत. अट अशी, की एका टोकाच्या मांजराच्या चित्रापासून सुरुवात करायची, क्रमाने प्रत्येक वस्तू गोष्टीत आणायची आणि शेवटी मुलीच्या चित्रापाशी पोचायचं. क्रम चुकवायचा नाही, गोष्ट परत सांगायची नाही. ‘टॉम सॉयर’च्या लेखकाची यापेक्षा कडक परीक्षा कोणी घेतली नसेल. शेजारच्या काचघरात झाडं आणि कारंजं. मुलींचं ते जंगल होतं आणि त्यातलं मोठं जनावर अर्थात वडील.

झोपायच्या खोलीत व्हेनिसमध्ये १८७८ साली विकत घेतलेला पलंग आहे, खांबांवर लाकडी देवदूत असलेला. उशाकडचं कोरीवकाम डोळ्यांसमोर राहावं म्हणून नवराबायको पायथ्याकडे डोकं करून झोपत. हा पलंग अस्सल आहे. १९१० मध्ये ट्वेन वारले ते याच पलंगावर, रेडिंग गावातल्या त्यांच्या शेवटच्या घरी. क्लाराने तो नंतर इथे दिला.

आणि मग तिसरा मजला. मधोमध बिलियर्ड्सचं टेबल, छतावर रंगवलेल्या क्यू, पाइप आणि पेले. कोपऱ्यात लिहायचं टेबल, तेही तोंड भिंतीकडे करून. बिलियर्ड्सच्या टेबलावर पानं पसरून लावली जायची. ‘हकलबरी फिन’ या वास्तव्यातलंच, पण इमानानं सांगायचं तर बरंचसं लेखन उन्हाळ्यात एल्मायराला, मेव्हणीच्या शेतावरच्या अष्टकोनी खोलीत होत असे. हार्टफर्डला पाहुणे फार.

ट्वेन पोरवयात छापखान्यात खिळे जुळवायला शिकले होते. त्यामुळे हार्टफर्डमध्ये जेम्स पेज नावाच्या संशोधकाने आपोआप खिळे जुळवणारं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा ते पुरते भाळले. अठरा हजार सुटे भाग! चाललं की अप्रतिम चाले, आणि दर थोड्या वेळाने बिघडे. पेज सुधारणा करतच राहिला, ट्वेन पैसे ओततच राहिले. साधारण तीन लाख डॉलर त्यात गेले. दरम्यान १८८६ मध्ये मर्गेनथालरचं लायनोटाइप यंत्र न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये चालूही झालं. ते खिळे जुळवत नसे, वितळलेल्या धातूची अख्खी ओळच ओतून काढत असे. माणसाच्या हातांची नक्कल करण्याचा हट्ट पेजने सोडला नाही, आणि तिथेच तो हरला. पेजच्या यंत्राचा एकमेव उरलेला नमुना आता याच संग्रहालयात आहे. त्यातली नाजूक कारागिरी पाहून ट्वेनना वेड का लागलं ते कळतं. छापखान्यात हात काळे केलेला कोणीही भुलला असता.

घर चालवणं परवडेना म्हणून १८९१ मध्ये कुटुंब युरोपला गेलं. १८९४ मध्ये ट्वेन यांची प्रकाशन संस्थाही बुडाली. कर्ज फेडायला साठीचा हा माणूस जगभर व्याख्यानं देत निघाला, आणि त्याच दौऱ्यात, १८९६च्या जानेवारीत, मुंबईला आला. वॉटसन्स हॉटेलात उतरला. मुंबई, पुणे, बडोदे इथे बोलला. लिव्ही आणि क्लारा बरोबर होत्या. सूझी आणि जीन अमेरिकेतच होत्या.

दौरा संपवून तिघं इंग्लंडला पोचली आणि सूझी आजारी असल्याची खबर आली. लिव्ही आणि क्लारा बोटीत बसल्या. त्या समुद्रावर असतानाच १८ ऑगस्टला मेंदूज्वराने सूझी गेली, चोविसाव्या वर्षी, याच घरात. तेराव्या वर्षी बापाचं चरित्र लिहायला घेतलेली मुलगी. दोन वर्षांत ट्वेन यांनी सगळं कर्ज फेडलं, पण या घरात पुन्हा राहणं लिव्हीला शक्य नव्हतं. १९०३ मध्ये ते विकलं.

पुढे इथे मुलांची शाळा भरली, मग भाडेकरूंसाठी फ्लॅट पाडले गेले. घर वाचवलं ते कॅथरीन सीमोर डे यांनी. शेजारी राहिलेल्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांच्या बहिणीची ही नात. १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवून घर विकत घेतलं गेलं. पण लगेच संग्रहालय थाटण्याइतका पैसा कुठला? तळमजल्यावर वाचनालयाची शाखा, वर भाडेकरू, अशी वर्षानुवर्षं गेली. पन्नाशीच्या दशकात काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. नंतरचे रंगाचे थर काढून खालची नक्षी शोधायची, जुन्या फोटोंशी ताडायची, मगच पुन्हा रंगवायची. एटन कॅसलची चौकट ट्वेन यांनी रेडिंगच्या घरी नेली होती; ते घर १९२३ मध्ये जळालं. पुढे चौकट तिथल्याच एका कोठारात सापडली आणि जागेवर परत बसली. १९७४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, नूतनीकरण झालेलं घर लोकांना खुलं झालं.

कर्जाने मात्र या पत्त्याची पाठ सोडली नाही. २००३ मध्ये शेजारी नवी इमारत बांधली, तिचा खर्च झेपेना, आणि २००८ मध्ये संग्रहालयच बंद पडायची वेळ आली. तेव्हा लेखक मंडळींनी हार्टफर्डमध्ये जमून निधीसाठी कार्यक्रम केला, देणग्या आल्या आणि दारं उघडी राहिली. घर आतून बघायचं तर मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. स्टोबाईंचं घरही त्याच आवारालगत आहे. त्यासाठी निराळा वेळ काढावा.