विजेचे नवे मीटर

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विजेचे नवे स्मार्ट मीटर आले आहेत. त्यांचे रीडिंग आपोआप कचेरीत पोचते.

हे मीटर बसवण्याचे ठेके महावितरणने २०२३ साली दिले. विहीर बांधणारा गवंडी पैसे घेतो अन् निघून जातो. इथे तसे नाही. ठेकेदाराने मीटर बसवायचे आणि पुढे कित्येक वर्षे सांभाळायचे. मीटरमागे दरमहा पैसे घ्यायचे.

पण हा करार महावितरणशी आहे, आपल्याशी नाही. म्हणून तक्रार महावितरणकडेच करावी. बिल फुगले तर काय करावे? लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. २०२४ च्या नियमाप्रमाणे ५ दिवसांत जोडीला दुसरे मीटर लावावे लागते. निदान ३ महिने दोन्ही आकडे ताडून बघायचे असतात.

आता आपल्याला आकडे वाचता येतात. मग मीटरचा आकडा आपणच वाचू अन् वहीत लिहून ठेवू.