दाढ कुणाची, निर्णय कुणाचा?

माझ्या सासूबाईंची दाढ ठणकू लागली म्हणून त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बघितले, "काढावी लागेल" म्हणाले आणि इंजेक्शन भरले. दाढ वाचेल का, हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. डॉक्टरांपुढे गप्प बसायची आपली जुनी सवय! वर "मशेरी बंद करा" असा दम मिळाला. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मला विचारलं तर असतं."

भगिनींनो, किडलेली प्रत्येक दाढ काढावीच लागते असे नाही. पुष्कळदा आतली नस काढून, पोकळी साफ करून भरता येते व वर टोपी बसवता येते. त्याला जास्त फेऱ्या आणि जास्त पैसा लागतो. रोजावर जाणाऱ्या बाईला दाढ काढणेच परवडेल, तेही चूक नाही. पण ते ठरवायचे कुणी? 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की, उपचार कोणता, त्याला पर्याय काय, धोका काय, उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगूनच रुग्णाची संमती घ्यावी. नुसती सही म्हणजे संमती नव्हे.

डॉक्टर म्हणतात, समजावत बसायला वेळ कुठे आहे? बाहेर रांग असते, हे खरेच. मग काम वाटून का घेत नाहीत? अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्येच आपल्या मदतनीस बाईला दात साफ करायला शिकवले आणि 1913 साली अशा कामाची शाळा काढली. न्यूझीलंडने 1921 पासून मुलींना दोन वर्षे शिकवून शाळकरी मुलांचे दात भरण्याचे व काढण्याचे काम त्यांच्या हाती दिले. उलट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1949 साली तशाच प्रयोगाला कायद्याने परवानगी मिळाली, तर दंतवैद्यांच्या संघटनांनी विरोध केला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. आपल्याकडे 1948 च्या कायद्यातच डेंटल हायजिनिस्टच्या नोंदणीची तरतूद झाली. पण गल्लीतल्या दवाखान्यात असा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे?

काम बिघडले तर जबाबदारी माझ्यावर येईल, ही डॉक्टरांची भीती खोटी नाही. कमाई वाटली जाईल, ही भीती मात्र कुणी उघड बोलत नाही. दातांवरचे कीटण काढणे, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवणे, यासाठी शिकलेला हायजिनिस्ट पुरेसा असतो. मशेरीचेही तसेच. सासूबाईंनी ती दाढदुखीवर म्हणून लावायला सुरुवात केली, पुढे तंबाखूची तलफ लागली. चाळीस वर्षांची तलफ दमदाटीने जाते होय? कुणीतरी शेजारी बसून, ती केव्हा लागते आणि कशी कमी करता येईल, हे त्यांच्याशीच बोलायला हवे.

पुढे दुसरी दाढ दुखली, तेव्हा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. शिकाऊ मुलीने सासूबाईंच्या हातात आरसा दिला, कीड दाखवली, दोन्ही उपाय सांगितले.

"ठेवायची तर किती खेपा?" सासूबाईंनी विचारले.

"तीन, आजी."

सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. "मग ठेव. पण सोमवार देऊ नको बाई, त्या दिवशी आमच्याकडे पाणी येतं."